उशिरा उघडणारी

बिलिंग्जच्या त्या दुकानात तिजोऱ्या उभ्या होत्या
फ्रिजसारख्या रांगेने,
हिरव्या, काळ्या, एक तर चक्क गुलाबी,
आणि गिऱ्हाइकं दारं उघडून आत वाकत होती,
जणू कालची भाजी उरलीय का बघायला.

विक्रेता वेंडेल, सत्तरीचा, कानात यंत्र.
ही आगीत चाळीस मिनिटं तग धरते, ही नव्वद.
ही जमिनीला आवळा, ट्रकने ओढली तरी हलणार नाही.
आणि ही, बोट टेकलं की दोन सेकंदांत उघडते, अंधारातसुद्धा.
"रात्री कोणी घरात शिरलं, मॅडम,
तर दोन सेकंदसुद्धा फार."

मी विचारलं,
सगळ्यात उशिरा उघडणारी कोणती?

त्याने कानातलं यंत्र चाचपलं.

रायफल यशोधनची.
कारखान्यातल्या डेलने शिकारीचा नाद लावलेला.
गेला एकदाच, पहाटे चारला, उसनी नारिंगी टोपी घालून,
डब्यात मी दिलेल्या दशम्या.
हरणी समोर आली म्हणे, कान टवकारून उभीच राहिली.
हाही उभाच.
परत आला रिकाम्या हाताने, लाल नाकाने, हसत.
तेव्हा हसायचा.

खंडेनवमीला ती पाटावर होती,
त्याचं ड्रिल आणि माझी कात्री यांच्या मधे.
थंडीने काळवंडलेला झेंडू वाहिला, कुंकू लावलं.
मग ती कपाटात गेली, कोटांच्या मागे,
आणि मी तिला विसरलेसुद्धा.

फेब्रुवारीत त्याची अख्खी शिफ्टच काढून टाकली.
आता तो गॅरेजमध्ये बसतो,
कोट न काढता, दिवा न लावता.
काय करतोयस?
काही नाही.
ते 'काही नाही' मी रोज उचलून घरात आणते,
रोज थोडं जड.

वेंडेलला यातलं काहीच सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही.
मला मागच्या बाजूला घेऊन गेला, धूळ पुसली.
बॅटरी नाही, बोटाची ओळख नाही, नुसती चकती.
डावीकडे चार वेढे,
उजवीकडे तीन,
परत डावीकडे दोन,
मग उजवीकडे, अडेपर्यंत.
एक रेघ चुकली की पहिल्यापासून.
"भावासाठी अशी घ्यायला हवी होती," तो चकतीला म्हणाला,
आणि पावतीवरचे शंभर डॉलर खोडले.

मी घड्याळ लावून उघडून पाहिली.
पहिल्यांदा सहा मिनिटं, तळव्यांना घाम.
हात बसल्यावर एक मिनिट दहा सेकंद.
तेवढ्यात चहाला उकळीसुद्धा येत नाही.
पण फोन वाजू शकतो.
ओवी वरून ओरडू शकते, बाबा, वायफाय गेलं!

आईच्या कपाटाची किल्ली साड्यांच्या तिसऱ्या घडीत असायची,
चोर सोडून साऱ्या घराला ठाऊक.
आमचंही तसंच. बँक, फोन, अलार्म,
सगळीकडे ओवीची जन्मतारीख.
या वेळी मी आकडे निवडले
कुणाच्याही वाढदिवसाचे नसलेले,
कुठेही लिहिले नाहीत.

शनिवारी ती घरी आली, ढकलगाडीवरून, चार माणसांनी.
जमिनीला भोकं यशोधननेच पाडली,
त्याच ड्रिलने. पात्यावर अजून कुंकवाचा ठिपका.
बोल्ट आवळले, हलवून पाहिली, परत आवळले.
कितीतरी दिवसांनी त्याच्या हातांना काम होतं.

मग कोटांमागून ती काढली त्याने,
आडवी, दोन्ही हातांवर,
झोपलेलं मूल दुसऱ्या खोलीत न्यावं तशी,
आत ठेवली आणि बाजूला झाला.

मी चकती फिरवू लागले.
तो भिंतीकडे बघत उभा राहिला,
एटीएमपाशी परका माणूस राहतो तसा.
तोंडात आलेला पहिला आकडा मी गिळला. सांगावा का?
नवराच ना हा.

"मला सांगू नकोस," तो म्हणाला.

आणि ड्रिलची वायर गुंडाळत
सिमेंटचा भुगा भरायला
सुपली मागितली.